बाईंना विचारा : स्पीकिंग टेस्टमध्ये नोकरीबद्दल काय बोलायचं?

प्रश्न : बाई, नमस्कार. मी मिरजेत एका खासगी हॉस्पिटलात स्टाफ नर्स आहे. जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, झाल्यापासून सहा वर्षं तिथेच आहे. यूकेला जायचंय म्हणून आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा दोनदा दिली. बाकी तिन्ही पेपर निघाले, पण स्पीकिंगला दोन्ही वेळा 6 आले आणि मला 7 हवेत. क्लासमध्ये नोकरी आणि करिअरवरच्या प्रश्नांची उत्तरं पाठ करून घेतली होती. ‘व्हॉट डू यू लाइक अबाउट युअर जॉब?’ विचारल्यावर मी पाठ केलेलं सुरू केलं. परीक्षक बाईंनी मध्येच थांबवून दुसरंच काहीतरी विचारलं आणि माझी बोलतीच बंद झाली. आणखी एक विचारायचंय. पुढे काय करणार असं विचारलं तर परदेशात राहायचंय हे खरं सांगावं का? मैत्रिणी म्हणतात, त्याने मार्क जातात.
— एक परिचारिका, मिरज

उत्तर : तुझ्या वयाच्या मुली माझ्या वर्गात असतात, म्हणून अगं-तुगं करते, चालेल ना? मी सांगलीत विश्रामबागला शिकवते. मिरजेच्या कितीतरी सिस्टर ड्यूटी संपवून, युनिफॉर्म पिशवीत घालून शेवटच्या बसने माझ्याकडे आल्या आहेत. तुझं पत्र वाचताना त्या सगळ्या डोळ्यांपुढे आल्या.

आधी मैत्रिणींनी घातलेली भीती काढून टाक. समोर बसलेली बाई तुला नोकरी देणारी नाही आणि व्हिसा देणारीही नाही. ती फक्त चार गोष्टी मोजते : बोलण्याचा ओघ आणि त्यातली सुसंगती, शब्दसंपदा, व्याकरण, उच्चार. चारींना सारखंच वजन, म्हणजे प्रत्येकी पाव हिस्सा. तुझा बेत चांगला की वाईट, यासाठी पाचवा रकाना त्या कागदावर नाही. परदेशात राहायचंय म्हण, नाहीतर मिरजेतच राहून मेट्रन व्हायचंय म्हण, गुणांत काडीचा फरक पडत नाही. खरं सांगण्याचा फायदा मात्र मोठा आहे. खरं बोलताना शब्द शोधायला डोकं मोकळं राहतं.

आता मध्येच थांबवण्याबद्दल. सगळी मुलाखत 11 ते 14 मिनिटांची. त्यातली पहिली 4 ते 5 मिनिटं तुझ्याबद्दल, घर, काम, शिक्षण. मग कार्ड मिळतं : 1 मिनिट तयारी, 1 ते 2 मिनिटं बोलणं. शेवटची 4 ते 5 मिनिटं कार्डाच्याच विषयावर जरा खोल चर्चा. परीक्षकाला हे वेळापत्रक पाळावंच लागतं, त्यामुळे उत्तर चांगलं चाललेलं असतानाही ती तोडते. त्याचं वाईट वाटून घ्यायचं नाही. पण तुझ्या बाबतीत मला दुसरं कारणही दिसतं. पाठ केलेलं बोलायला लागलं की आवाज बदलतो. एका सुरात, भराभर, श्वास न घेता आपण बोलत जातो. दिवसभर हेच ऐकणाऱ्या माणसाला ते पहिल्या दोन वाक्यांत कळतं. मग ती तुझं स्वतःचं इंग्रजी ऐकायला वेगळा प्रश्न टाकते. तो तुला पकडायला नसतो, तुला बोलतं करायला असतो.

तुझं पाठ केलेलं उत्तर ‘नर्सिंग इज अ नोबल प्रोफेशन’ने सुरू होत होतं ना? माझ्याकडे पहिल्या दिवशी जवळजवळ प्रत्येक सिस्टर याच वाक्याने सुरुवात करते. वाक्यात चूक काहीच नाही, पण त्याच्या पुढे रस्ता संपतो. नोबल म्हटल्यावर आणखी काय बोलणार?

काही वर्षांपूर्वी अशीच एक मुलगी माझ्यासमोर बसली होती. तेच वाक्य, मग शांतता. मी म्हटलं, ते सोड, काल रात्री वॉर्डात काय झालं ते सांग. ती म्हणाली, अथणीकडची एक आजी ॲडमिट होती, रात्रभर रडत होती, तिला फक्त कन्नड येत होतं. मग हिने वॉर्डातल्या मावशींकडून दोन शब्द शिकून घेतले, ‘एल्ली नोवु’, म्हणजे कुठे दुखतंय. विचारल्याबरोबर आजीने पोटावर हात ठेवला. मी म्हटलं, आता हेच इंग्रजीत. ती अडखळत बोलली : ‘शी वॉज क्राइंग ऑल नाइट, बट शी कुड स्पीक ओन्ली कन्नडा. सो आय लर्न्ट टू वर्ड्स फ्रॉम द वॉर्ड अटेंडंट.’ बघ त्यात काय काय आलं. चालू भूतकाळ आला, ‘कुड’ आलं, ‘सो’ने कारण जोडलं गेलं, आणि पुस्तकी शब्द एकही नाही. तिला मी एवढंच सांगितलं की शेवटी एक वाक्य जोड : ‘दॅट्स द पार्ट ऑफ द जॉब आय एन्जॉय मोस्ट.’ ‘व्हॉट डू यू लाइक अबाउट युअर जॉब’चं उत्तर झालं की!

तुझ्या सहा वर्षांत अशा किती रात्री असतील. त्यांतल्या सात-आठ निवड. लिहून पाठ करायच्या नाहीत, नुसत्या आठवून ठेवायच्या. ‘कामातलं अवघड काय’, ‘सहकाऱ्यांशी कसं जमतं’, ‘कामाच्या वेळा कशा असतात’, प्रश्न कुठलाही येवो, त्यांतली एखादी उपयोगी पडते.

आता 6 आणि 7 मधलं अंतर. 6 वाल्याला लांब बोलायची तयारी असते, पण मध्ये अडखळून, शब्द परत परत म्हणून, स्वतःलाच दुरुस्त करून धागा तुटतो. 7 वाला ओढाताण न दिसता लांब बोलतो आणि त्याची बरीच वाक्यं बिनचूक असतात. सगळी नव्हे, बरीच. म्हणजे एखादी चूक झाली म्हणून थांबायचं नाही.

चुका मात्र ओळखायला हव्यात, कारण आपल्या मराठी बोलणाऱ्यांच्या ठरलेल्याच असतात. पहिली : आपण ‘सहा वर्षांपासून काम करते’ म्हणतो, म्हणून इंग्रजीतही ‘आय वर्क हिअर सिन्स सिक्स इयर्स’ म्हणून जातो. तिथे हवं ‘आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर सिक्स इयर्स’. नोकरीवरच्या पहिल्याच प्रश्नाला हे वाक्य लागतं, म्हणून ते तोंडात बसलंच पाहिजे. दुसरी : ‘आय पास्ड आउट इन 2019’. तिकडे पास आउट म्हणजे चक्कर येऊन पडणं, आणि तू तर नर्स आहेस! ‘आय फिनिश्ड माय नर्सिंग डिप्लोमा’ म्हण. तिसरी : ‘आय ॲम अ सिस्टर’. आपल्याकडे प्रत्येक नर्स सिस्टर, पण ब्रिटनमध्ये सिस्टर म्हणजे वॉर्डची जबाबदारी असलेली वरिष्ठ नर्स. तू स्टाफ नर्स आहेस.

उच्चारात मी दोनच गोष्टी सांगेन. ‘करिअर’ आपण सुरुवातीला जोर देऊन म्हणतो, आणि ऐकणाऱ्याला तो ‘कॅरिअर’ वाटतो. कॅरिअर म्हणजे वाहक, तुझ्या क्षेत्रात तर रोग वाहून नेणारा माणूस! करिअरचा जोर दुसऱ्या भागावर आहे : क-री-अर. ‘री’ लांबव आणि त्यावर वजन टाक. दुसरं, आपला ‘व’ एकच, त्यांचे दोन. ‘वॉर्ड’ म्हणताना ओठांचा चंबू होतो आणि दात कुठेच लागत नाहीत. शिरेला ते जो ‘व्हेन’ म्हणतात, त्यात वरचे दात खालच्या ओठाला लागतात. आरशासमोर दोन्ही शब्द एकामागून एक म्हण, ओठ बघ. बाकी आपल्या मराठी हेलाची लाज बाळगू नकोस. समोरच्याला सहज कळतंय ना, हे ते बघतात. हेल आहे म्हणून गुण कापत नाहीत.

भविष्याचा प्रश्न. ‘आय वॉन्ट अ ब्राइट फ्युचर’ म्हणू नकोस. मी तुला मराठीत विचारते : पाच वर्षांनी तुला कुठल्या वॉर्डात उभं राहायचंय? आयसीयूत? डायलिसिसला? लहान मुलांच्या वॉर्डात? का? हे आधी तुझं तुला ठरवावं लागेल, कारण मराठीत ज्याचं उत्तर नाही त्याचं इंग्रजीत कुठून येणार? ठरलं की वाक्यं येतात : ‘आय ॲम होपिंग टू मूव्ह इन्टू डायलिसिस नर्सिंग, बिकॉज द सेम पेशंट्स कम बॅक एव्हरी वीक अँड यू गेट टू नो देम.’ आणि जे अजून नक्की नाही तिथे ‘इफ’ वापर : ‘इफ आय गेट द चान्स, आय वुड लाइक टू ट्रेन यंगर नर्सेस.’ आशा, बेत आणि जर-तर असे तीन वेगळे प्रकार एका उत्तरात आले की व्याकरणाचा आवाका आपोआप दिसतो.

आणखी एक. ब्रिटनच्या नर्सिंग कौन्सिलला, म्हणजे एनएमसीला, स्पीकिंग, लिसनिंग, रीडिंगमध्ये 7 आणि रायटिंगमध्ये 6.5 लागतात, हे तुला माहीत असेलच. ती ओईटी, म्हणजे आरोग्यसेवेतल्या लोकांसाठीची इंग्रजीची परीक्षाही मान्य करते. ओईटीच्या स्पीकिंगमध्ये पेशंटशी किंवा नातेवाइकांशी बोलण्याचे दोन प्रसंग देतात आणि तू नर्सच असतेस. फी आयईएलटीएसपेक्षा बरीच जास्त आहे. पण वॉर्डात तुझी जीभ सुटते आणि परीक्षेच्या खोलीत अडते असं असेल, तर तिचा विचार जरूर कर.

प्रश्न : मी चाकणला एका कंपनीत क्वालिटीमध्ये आहे, डिप्लोमा मेकॅनिकल. दिवसभर पार्ट तपासायचे, एवढंच काम. त्यावर दोन मिनिटं काय बोलणार? ‘भविष्यात करायला आवडेल अशी नोकरी’ असं कार्ड आलं तर? शिवाय मधलं दीड वर्ष मी घरी होतो, ते लपवू का?
— एक वाचक, राजगुरुनगर

उत्तर : लपवायचं कशासाठी? परीक्षकासमोर तुमचा बायोडेटा नसतो. विषय निघाला तर सरळ सांगा, तेवढीच भूतकाळाची चार वाक्यं बरोबर बोलायची संधी मिळते. व्हिसाच्या अर्जात तो काळ जसा होता तसा लिहायचा, पण तो अर्ज वेगळा आणि ही परीक्षा वेगळी.

‘एवढंच काम’ म्हणू नका. एखादा पार्ट रिजेक्ट केल्यावर प्रॉडक्शनवाला भांडायला येतो की नाही? मायक्रोमीटर दाखवून त्याला कसं पटवता? ते सांगा. भाग लहान असला तरी तो गाडीच्या ब्रेकमध्ये बसणार असेल तर तुमची सही कुठवर जाते, हे सांगा. दोन मिनिटं पुरणार नाहीत.

कार्ड हातात आल्यावर कागद-पेन्सिल मिळते. त्या एका मिनिटात वाक्यं लिहीत बसू नका. पाच-सहा शब्द फक्त : कुठली नोकरी, कुठे, काय शिकावं लागेल, कोणामुळे सुचलं, अडचण काय. मराठीत लिहिले तरी चालतात, कारण त्या कागदाला गुण नसतात. परीक्षक ‘थँक यू’ म्हणेपर्यंत बोलत राहा.

प्रश्न : यजमानांची कॅनडाची फाइल चालू आहे. माझ्याही इंग्रजीचे गुण धरतात म्हणून मलाही परीक्षा द्यायची आहे. पण मी नोकरी करत नाही. ‘डू यू वर्क ऑर आर यू अ स्टुडंट?’ असं विचारल्यावर ‘आय ॲम जस्ट अ हाउसवाइफ’ म्हणून मी गप्प बसते. दिवाळीत फराळाच्या ऑर्डरी घेते, तेवढंच काय ते.
— एक गृहिणी, डोंबिवली

उत्तर : ताई, त्या वाक्यातला ‘जस्ट’ आजच्या आज काढून टाका. ‘तेवढंच काय ते’सुद्धा. दिवाळीच्या तीन आठवड्यांत तुम्ही माल आणता, भाव ठरवता, हाताखाली बायका घेता, डबे वेळेवर पोचवता. याला इंग्रजीत धंदा म्हणतात. ‘आय लुक आफ्टर माय होम, अँड आय ऑल्सो रन अ स्मॉल फूड बिझनेस फ्रॉम माय किचन.’ एवढं म्हटलंत की पुढचा प्रश्न बहुधा त्यावरच येईल, आणि त्यातलं तुमच्याइतकं त्या खोलीत कोणालाच ठाऊक नसेल.

आपल्या पदार्थांना इंग्रजी शब्द सापडत नाहीत म्हणून बायका अडतात. सापडायची गरजच नाही. मराठी शब्द तसाच म्हणा आणि लगेच सोपं करून सांगा : ‘वी मेक इट फ्रॉम भाजणी, अ फ्लाउअर ऑफ रोस्टेड राइस अँड लेंटल्स.’ शब्द नसताना अर्थ पोचवता येणं ही भाषेची ताकद आहे, आणि तिला गुण आहेत. मोहन जास्त पडलं की चकली तेलात हसते, हेही सांगा : ‘इफ यू ॲड टू मच हॉट ऑइल टू द डो, इट फॉल्स अपार्ट इन द पॅन.’ पुढच्या बेताबद्दल विचारलं तर कॅनडात फराळ करून विकायचा विचार कधी मनात आलाय का, ते आधी स्वतःशी बघा. आला असेल तर तोच सांगा.

प्रश्न नीट ऐकू आला नाही तर ‘सॉरी, कुड यू रिपीट दॅट, प्लीज?’ म्हणायला कचरू नका. त्याचे गुण जात नाहीत.

आज रात्री स्वयंपाकघर आवरल्यावर मोबाइलचं रेकॉर्डिंग चालू करा आणि चकली कशी करता ते दोन मिनिटं इंग्रजीत सांगा. लगेच ऐका. जिथे थांबलात तिथला शब्द वहीत लिहा. उद्या त्या शब्दासह पुन्हा सांगा, वही मिटून.