घरच्या वर्कशॉपमध्ये लाकूड ठेवायला भिंतीवरचा रॅक करावा का? लाकडाचा की लोखंडाचा?

तुम्ही लिहिलंय की घरामागे १० बाय १२ ची चिऱ्याची शेड आहे, फळ्या जमिनीवर पडून असतात आणि भिंतीत ब्रॅकेट ठोकून त्यावर सगळं चढवायचा विचार आहे. माझं ऐकाल तर भिंतीत वजन टांगू नका. मी रत्नागिरीकडचा, माझीही शेड चिऱ्याचीच आणि मी नेमकं हेच करून बसलोय.

१० एमएमचे अँकर फास्टनर, त्यावर लोखंडी ब्रॅकेट, ब्रॅकेटवर फणसाच्या आणि सागाच्या फळ्या. चार महिने दृष्ट लागेल असं दिसत होतं. जुलैत एका पहाटे मागे धडाड्दिशी आवाज झाला. बॅटरी घेऊन गेलो तर एका टोकाचे दोन्ही फास्टनर चिऱ्याचा लाल भुगा घेऊन बाहेर आलेले आणि फळ्या थेट रंध्याच्या मशीनवर. फास्टनर भोकात फुगतो आणि घट्ट बसतो, हे खरं. पण चिरा म्हणजे जांभा दगड, आधीच भोकाभोकांचा. फास्टनर फुगणार आणि धरणार कशाला? एएसी ब्लॉकच्या, म्हणजे आत हवेची बारीक छिद्रं असलेल्या सिमेंटच्या ब्लॉकच्या, हलक्या भिंतीचंही तेच. काँक्रीटचा कॉलम असेल तर गोष्ट वेगळी.

आधी वजनाचा हिशेब करा, बहुतेक जण तो करतच नाहीत. वाळलेलं सागवान घनफुटाला साधारण १८ ते २० किलो भरतं. एक इंच जाड, आठ इंच रुंद, सात फूट लांब फळी म्हणजे सात-आठ किलो. अशा तीस फळ्या जमल्या की सव्वादोनशे किलो झाले. तीस फळ्या कधी जमतात ते कळतही नाही, कुणाचं जुनं घर पाडतायत म्हटलं की आपण टेम्पो घेऊन हजर!

हे वजन जमिनीवरच उतरलं पाहिजे. माझा आताचा रॅक ४० बाय ४० एमएमच्या, २ एमएम जाडीच्या चौकोनी पाइपचा आहे. पाइप २० फुटी मिळतो. एका पाइपातून साडेसहा फुटांचे तीन खांब निघतात. दुसऱ्यातून १४ इंचांचे बारा हात, म्हणजे खांबातून पुढे येणारे, फळ्या पेलणारे आडवे तुकडे, आणि पुढे जमिनीवर टेकायला २० इंचांचे तीन पाय. तिसरा मागच्या आडव्या जोडांना. तीन पाइप मिळून ४५ किलोच्या आत लोखंड होतं. फॅब्रिकेशनवाले किलोवर दर लावतात, त्यामुळे तुमच्याकडचा भाव विचारलात की खर्चाचा अंदाज लगेच येईल. खांब अडीच-अडीच फुटांवर ठेवा. सात फुटी फळी तिन्ही हातांवर बसते, दोन्हीकडे एकेक फूट बाहेर राहते आणि मध्ये झोल येत नाही. भिंतीला फक्त वरच्या बाजूला एक क्लॅम्प, रॅक पुढे झुकू नये इतक्यापुरता. तेवढं चिरा सहन करतो. माझा क्लॅम्प तर छपराच्या वाशाला बांधलाय.

वेल्डिंग करणाऱ्याला दोन गोष्टी आधीच सांगा, नंतर तो ऐकत नाही. एक, हात अगदी काटकोनात नको, टोक चार सूत, म्हणजे अर्धा इंच, वर हवं. वजन आलं की हात किंचित बसतो, आणि मग फळी आपोआप पुढे घसरायला लागते. दोन, पाइपची उघडी तोंडं बंद कर. माझी राहिली होती. पहिल्याच वर्षी कुंभारमाशीने एकेका तोंडात मातीची घरं बांधून ठेवली, आणि आतून गंज चढला तो वेगळाच. रेड ऑक्साइड, म्हणजे गंज रोखणारा तांबडा रंग, कापलेल्या टोकांना दोनदा मारा.

लोखंडावर लाकूड थेट ठेवू नका. सागाच्या एका फळीवर मला बरोब्बर चाळीस एमएम रुंदीचा निळसर काळा पट्टा मिळाला, पट्टीने आखल्यासारखा. लाकडातलं टॅनिन म्हणजे तुरट द्रव्य, पावसाळी ओल आणि लोखंड एकत्र आलं की असा डाग पडतो, आणि तो बराच खोल जातो. रंधा मारून मारून फळी पाऊण इंचावर आली. तेव्हापासून प्रत्येक हातावर एक लाकडी रीप स्क्रूने बसवली आहे.

लाकडाचा रॅक होत नाही असं नाही. घाटावर असतात तर मीच म्हटलं असतं, करा. आपल्याकडे वाळवीमुळे नको. लोखंडावरूनही वाळवी चढते, पण तिला मातीची नळी बांधत यावं लागतं आणि ती नळी डोळ्यांना दिसते. म्हणून सगळ्यात खालचा हात जमिनीपासून फूटभर वर घ्या, भिंतीपासून दोन-तीन इंच जागा सोडा आणि पावसाळ्यात आठवड्यातून एकदा पायांवर बॅटरी मारा. पावसाचा मारा जिकडून येतो ती पश्चिमेची भिंतही सोडा.

ओलं लाकूड आणलंत तर फळीवर फळी चढवू नका, मध्ये सारख्या जाडीच्या रिपा घाला आणि त्या बरोबर हातांच्या वर येऊ द्या. वाळायला जाडीच्या इंचाला वर्ष असा सुतारांचा अंदाज आहे. आंब्याच्या फळ्या मी आता सगळ्यात खाली, वेगळ्या ठेवतो. त्याला भुंगा फार लवकर लागतो. खाली मैद्यासारखं पीठ दिसलं की ती फळी त्याच दिवशी शेडबाहेर.

प्लायवूड या रॅकवर नको. आठ बाय चारचा १८ एमएमचा शीट तीस-पस्तीस किलोचा असतो. तो दोन रिपांवर, लांब कडेवर, जवळजवळ उभा ठेवा. तिरका टेकवलात तर महिन्याभरात पोट काढतो.

राहिले कटपीस. त्यांच्यासाठी कृपा करून मोठा कप्पा करू नका, जेवढा कराल तेवढा भरेल. माझ्याकडे एक जुनं पत्र्याचं पिंप आहे. त्यात मावतील तेवढे ठेवायचे, बाकीचे नरक चतुर्दशीला पहाटे बंबात. प्लायचे तुकडे मात्र बंबात घालू नका, त्यात डिंक असतो. शिसवाचा वीतभर तुकडा असला तर तो मी बायकोच्या नजरेआडून परत पिंपात टाकतो.