मेलेले जनावर गोबरगॅसच्या टाकीत टाकता येईल का?

वाळवा तालुक्यातील एका पशुपालकांनी विचारले आहे, की गाय दगावल्यास ती पुरण्याऐवजी तुकडे करून घरच्या गोबरगॅसमध्ये टाकली तर चालेल का. विट्याच्या एका कुक्कुटपालकांनी शेडमधील रोजच्या मर्तुकीबद्दल असेच विचारले आहे.

मांस आणि चरबीपासून गॅस भरपूर निघतो, तरीही घरगुती संयंत्रात मेलेले जनावर टाकू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. जमिनीखालची ही टाकी साधारण हवामानाच्याच तापमानावर चालते आणि तेवढ्या उबेत फाशी (अँथ्रॅक्स) किंवा फऱ्या या जनावरांच्या जीवघेण्या रोगांचे बीजाणू, म्हणजे जिवाणूंची चिवट बीजे, मरत नाहीत. ते स्लरीबरोबर, म्हणजे टाकीतून निघणाऱ्या पातळ शेणाबरोबर, बाहेर पडून आपण ज्या हत्तीगवताला स्लरी सोडतो तिथे पोहोचतात आणि त्याच चाऱ्यातून पुन्हा आपल्या गोठ्यात येतात. शिवाय मांसातील प्रथिनांपासून अमोनिया वाढून गॅस करणारे जिवाणू मंदावतात आणि चरबीची जाड साय टाकीत वर साचते. युरोपीय संघात मेलेल्या कोंबड्या-डुकरांपासून बायोगॅस करताना ५० मिलिमीटरपेक्षा मोठे तुकडे चालत नाहीत, आणि ते १३३ अंश सेल्सिअस तापमानावर ३ बार दाबाखाली २० मिनिटे शिजवल्यानंतरच टाकीत जातात. ही सोय आपल्या गोठ्यात होणारी नाही.

जनावर अचानक मेले आणि नाका-तोंडातून किंवा गुदद्वारातून न गोठणारे काळपट रक्त येत असेल, तर फाशीचा संशय धरून ते कापू नये, सोलू नये, ओढतही नेऊ नये. कारण रक्ताला हवा लागली की बीजाणू तयार होतात आणि मातीत अनेक वर्षे टिकतात. आधी पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांना बोलवावे किंवा १९६२ या क्रमांकावर फोन करावा. एरवीही खड्डा किमान आठ फूट खोल घेऊन जनावरावर कळीचा चुना पसरावा आणि कुत्र्यांनी उकरू नये म्हणून माती घट्ट दाबून वर काटेरी फांद्या टाकाव्यात. कृष्णाकाठच्या काळ्या रानात पाणी लवकर लागते, म्हणून खड्ड्यासाठी विहीर, बोअर व ओढ्यापासून दूरची उंच, मुरमाड जागा निवडावी.

कोंबड्यांची नेहमीची थोडी मर्तूक असेल, तर छप्पर असलेल्या हौदात भाताचे तूस किंवा जुने लिटर (शेडमध्ये अंथरलेला भुसा) आणि कोंबड्या यांचे थर देऊन कंपोस्ट करावे. ढिगाच्या मधोमध उष्णता ५५ अंशांवर काही दिवस टिकली पाहिजे. ती थर्मामीटरने मोजावी, हाताच्या अंदाजावर राहू नये. मर्तूक एकाएकी वाढली, तर मात्र एकही पक्षी शेडबाहेर न नेता त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे.