माघातच ये

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझा निरोप मिळाला. आजोळचं बंद घर उघडून वर्षभर इथं राहायचं आणि आजोबांची भातखाचरं स्वतः करायची, हे तू ठरवलंस याचा मला फार आनंद झाला. फक्त एक बदल कर. ‘पाऊस सुरू झाला की जूनमध्ये येते’ असं म्हणाली आहेस. तसं करू नकोस, माघ लागला की ये. जूनमध्ये आलीस तर तुला पाऊस बघायला मिळेल, भात मिळणार नाही. आपल्या डांगाणात, अकोले तालुक्याच्या या डोंगरपट्ट्यात, पावसाळ्याचं जवळजवळ प्रत्येक काम उन्हाळ्यात उरकलेलं असावं लागतं. जे राहिलं ते त्या वर्षापुरतं राहिलंच. इथल्या जगण्याबद्दल मला तुला मुख्यतः एवढंच सांगायचं आहे, बाकीचं पत्र त्याच्या तपशिलाचं आहे.

आधी राब, म्हणजे रोपासाठी भाजून तयार केलेली जमीन. ज्या तुकड्यावर भाताचं रोप टाकायचं, त्यावर शेणाचा थर, मग ऐनाच्या डहाळ्या, मग पालापाचोळा आणि गवत, आणि सगळ्यात वर बारीक माती पसरतात. डहाळ्या माघ-फाल्गुनात तोडाव्या लागतात, तेव्हाच त्या उन्हात पुरत्या वाळतात. चैत्र-वैशाखात राब भाजायचा. आग नेहमी वारा जिकडे जातो त्या टोकाला लावायची, म्हणजे ती वाऱ्याला तोंड देत हळूहळू मागे सरकते. जमीन नीट तापते, तणाचं बी जळतं, वर राख मिळते आणि रोप जोमानं वाढतं. वाऱ्याच्या बाजूनं पेटवलीस तर भर्रकन वरवर जळून जाईल, खालचं तण तसंच राहील, आणि ठिणगी रानात गेली तर वणवा. म्हणून भोवतीचं गवत आधी काढून जमीन उघडी कर, पाण्याचे हंडे भरून ठेव, सोबत माणसं असल्याशिवाय काडी ओढू नकोस. पहाटे वारा मंद असतो, तेव्हा भाजावं. एका वणव्यात डोंगराचा चारा जातो, पाखरांची घरटी जातात, आणि करवंदाच्या जाळ्या पुढं कितीतरी दिवस काळ्या उभ्या राहतात. ते मला बघवत नाही.

डहाळ्या आपल्या बांधावरच्या झाडांच्याच घ्यायच्या. आपला हा सगळा मुलूख १९८६ पासून कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात आहे, रानात कोयता चालवायचा नाही. झाडाचा शेंडा कधी छाटू नकोस. यंदा तोडलेल्या झाडाला पुढच्या वर्षी विश्रांती दे. राब बंद करा असं शेतीखात्यातली माणसं सांगतात. त्यांचं म्हणणं मला बरंचसं पटतं: झाडं बोडकी होतात, आणि जे शेण जमिनीत जायचं ते जळून जातं. मी स्वतः आता बरंचसं रोप गादीवाफ्यावर, म्हणजे न भाजता केलेल्या उंच वाफ्यावर करते, राब लहान ठेवते. तू पहिल्या वर्षी दोन्ही करून बघ. शेजारच्या म्हाताऱ्या तुझ्या गादीवाफ्याला नावं ठेवतील, त्यांच्याशी वाद घालू नकोस. त्यांचं राब भाजणं मात्र नीट बघून घे, त्यात जे कसब आहे ते कुठल्या पुस्तकात सापडणार नाही.

माघात यायचं दुसरं कारण पाणी. घाटघर-रतनवाडीच्या बाजूला चांगल्या वर्षी पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि तिथंच एप्रिल-मेमध्ये बाया हंडे घेऊन कडा उतरतात. खाली काळा पाषाण, वर वीतभर माती आणि उभा उतार. पाणी मुरायला जागाच नाही, ते धावत प्रवरेत जातं आणि भंडारदऱ्याच्या धरणात साठतं. ते धरण १९२६ पासून भरतंय, त्याचं पाणी खालच्या बागायती गावांना जातं. तू उन्हाळा इथं काढलास तर कुठला झरा कधी आटतो, विहिरीच्या तळाला किती पाणी उरतं, हे तुला स्वतःच्या डोक्यावरच्या हंड्यानं कळेल. मग पावसाळ्यात पागोळीखाली टाकी लावायला तुला कुणी सांगावं लागणार नाही.

घराचं बघ. आजोबांच्या घराच्या मागच्या भिंती अजून कारवीच्या कुडाच्या आहेत, त्या दरवर्षी शेणामातीनं लिंपाव्या लागतात. कौलं चाळायची ती वैशाखात, वळीव पडायच्या आत. सरपण मे महिन्यापर्यंत माळ्यावर गेलेलं असावं. आषाढात ओलं लाकूड फुंकत बसलेली बाई दिवसातला अर्धा वेळ चुलीपाशी घालवते, आणि डोळे जातात ते वेगळेच. डाळ, मीठ, तेल, सुकट-बोंबील, काड्यापेट्या, टॉर्चचे सेल हे राजूरच्या बाजारातून आधीच भरून ठेव. दरड आली की रस्ता कधी सुरू होईल याचा भरवसा नसतो. पावसात पाठीवर घ्यायचं पानांचं इरलं आता कुणी फारसं विणत नाही, सगळे प्लॅस्टिकचा कागद पांघरतात. कागद हलका असतो खरा, पण वाकून आवणी (भाताची लावणी) करताना पाठ झाकायला इरल्यासारखं काही नाही. कुणाच्या घरी जुनं असेल तर मागून घे.

आणि सावड. हे विसरशील म्हणून ठळक सांगते. आवणीला एकाच वेळी दहा-बारा हात लागतात आणि त्या पंधरवड्यात पैसे देऊनही मजूर मिळत नाहीत, कारण प्रत्येकाची आवणी तेव्हाच असते. माणसं येतात ती सावडीनं: तू त्यांच्या खाचरात गेलीस म्हणून ते तुझ्या. तेव्हा उन्हाळ्यात कुणाचं घर शाकारायचं असेल, कुणाचा राब भाजायचा असेल, कुणाकडे लग्न असेल, तिथं न बोलावता जा. कामाला हात लाव, वाढायला उभी राहा. शहरातून आलेली मुलगी म्हणून पहिल्यांदा तुला पाट देतील, चहा देतील. बसू नकोस. आवणीच्या दिवसांत मी कुणालाही तुझी शिफारस करणार नाही. ते नातं तुझं तूच जोडायचं.

बी पेरण्याआधी मिठाच्या पाण्यातून काढ: दहा लिटर पाण्याला तीनशे ग्रॅम मीठ. तरंगेल ते पोचट, ते काढून टाक. बुडालेलं साध्या पाण्यात दोनदा-तीनदा धुऊन सावलीत सुकव. रोप तीन आठवड्यांचं झालं की आवणी, फार तर पंचवीस दिवस. उशीर झाला की फुटवे कमी येतात. एका जागी दोन-तीन काड्याच लाव. आपल्याकडे मूठभर काड्या कोंबायची सवय आहे, ती उचलू नकोस. डॉ. नारायण सावंत यांनी भातशेतीची चारसूत्री पद्धत बसवली, त्यातलं अंतर पाळून लावायचं आणि चार चुडांच्या (एका जागी लावलेल्या रोपांच्या) मधोमध खताची गोळी खोचायची हे सूत्र आपल्यासारख्या धो-धो पावसाच्या मुलखाला फार उपयोगी आहे. फेकलेला युरिया इथं पहिल्याच सरीत ओढ्याला लागतो. पुरलेली गोळी मुळाशी राहते.

आवणी झाली की काम संपलं असं समजू नकोस. रोज सकाळी बांधावरून एक फेरी. खेकडे बांध पोखरतात, बोटाएवढ्या भोकातून रात्रभरात खाचर रिकामं होतं, आणि दोन दिवस तसंच राहिलं तर बांधच बसतो. दगड, गवत आणि चिखल दाबून भोक बुजवायचं. पाय सतत चिखलात राहून बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. रात्री पाय धुऊन पूर्ण कोरडे कर, मेंदी लाव. बिब्बा घालायला कुणी सांगितलं तर ऐकू नकोस, कातडी भाजते. पायाला जखम असताना खाचरात उतरायचं झालं तर गमबूट घाल. ताप आला, पोटऱ्या ठणकल्या, डोळे लाल झाले तर तो साधा ताप समजून अंगावर काढू नकोस. लेप्टो, म्हणजे उंदरांच्या मुतानं दूषित पाण्यातून होणारा ताप, असू शकतो, डॉक्टरांना ‘भाताच्या चिखलात काम करते’ हे आपणहून सांग.

आता साप. घोणस, फुरसं, नाग, मण्यार, चारही आपल्याकडे आहेत. मला सगळ्यात जास्त काळजी मण्यारीची वाटते. ती रात्री घरात येते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, आणि बऱ्याचदा ना दुखत ना सूज येत. पहाटे पोटात दुखतं, पापण्या जड होतात, आणि घरातले म्हणतात काहीतरी खाल्लं असेल. म्हणून खाटेवर झोप, मच्छरदाणी गादीखाली खोच, रात्री उठलीस तर टॉर्च लावल्याशिवाय पाय खाली ठेवू नकोस, पेंढ्यात सरळ हात घालू नकोस. चावलंच तर कापायचं नाही, करकचून बांधायचं नाही, भगताकडे वेळ घालवायचा नाही. पाय किंवा हात हलणार नाही असा धरून १०८ ला फोन, आणि रेंज नसेल तर जीप. या चारही सापांवर चावल्यानंतर द्यायची एकच लस (प्रतिविष) चालते. ती कुठल्या दवाखान्यात आहे हे पावसाआधी स्वतः जाऊन विचारून ये, आणि रात्री जीप काढणाऱ्या दोन माणसांचे नंबर भिंतीवर लिहून ठेव. लाल विंचवाचंही तसंच. घाम सुटला, उलटी झाली, हातपाय गार पडले की थांबायचं नाही. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन या साध्या, स्वस्त गोळीनं हे मरण कसं टळतं ते दाखवून दिलं, तेव्हापासून डोंगरातली किती पोरं वाचली असतील. पण गोळी डॉक्टरांच्या हातूनच.

दरडीचं लिहायला हात जड होतो, तरी लिहिते. आपल्याच रांगेत दक्षिणेला असलेलं माळीण गाव ३० जुलै २०१४ च्या सकाळी डोंगराखाली गेलं, दीडशेहून जास्त माणसं गेली. २०२१ च्या जुलैत महाडचं तळिये, २०२३ च्या १९ जुलैच्या रात्री इर्शाळवाडी. तिन्ही वेळा जुलै, तिन्ही वेळा मुसळधार पाऊस. तुझं घर उताराच्या पायथ्याशी आहे. मे महिन्यातच मागच्या डोंगरावर चढून बघ: नवी भेग पडली आहे का, झाडं किंवा खांब कलले आहेत का. घराच्या वरचा चर मोकळा कर, पाणी बाजूला वळलं पाहिजे. पावसात झऱ्याचं स्वच्छ पाणी एकाएकी गढूळ झालं, ओढा भर पावसात अचानक आटला, दारं चौकटीत अडकायला लागली, वरून गडगडल्यासारखा आवाज आला, की घर सोडायचं. कुणाकडे जायचं ते आत्ताच ठरव. माझं घर पठारावर आहे, रात्री कितीही वाजता ये, दार वाजव. सामान घेत बसू नकोस.

पैशाचं थोडक्यात. चैत्रात बाळहिरडा गोळा करता येतो, वाळवून विकला की पावसाळ्याच्या भरणीचे पैसे सुटतात. फांद्या मोडून ओरबाडू नकोस. काजव्यांच्या दिवसांत पर्यटक येतात, तुझ्या मनात घरी पाहुणे ठेवायचं आहे असं दिसतं. ठेव, पण पहिल्या वर्षी नको. काजवे मेच्या अखेरीला आणि जूनच्या सुरुवातीला असतात, पेरणीही त्याच आठवड्यांत. दोन्ही सांभाळायला गेलीस तर पाहुण्यांच्या जेवणापायी रोप जाईल. बैलजोडीही यंदा घेऊ नकोस. डांगी बैल आपल्या पावसाला टिकतो, त्याच्या कातडीला तेलकटपणा असतो आणि काळे खूर टणक, पण वर्षभराचा चारा साठवता येईल इतकं गवत तुझ्याकडे अजून नाही. या वर्षी भाड्यानं नांगरून घे. डिसेंबरात राजूरला डांगी जनावरांचं प्रदर्शन भरतं, तिथं माझ्याबरोबर ये, दात आणि खूर कसे बघतात ते दाखवते.

बियाण्याची चिंता करू नकोस. आपल्याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरेंनी घरातल्या मडक्यांत गावरान बियाणं जपलं, पुढं २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. तेव्हापासून आमच्या बाया घरचं बी जास्त जपतात. माझ्याकडे काळभाताचं बी आहे, वरकस (उताराच्या हलक्या) तुकड्यासाठी नाचणीचंही. नाचणी, मग वरई, मग खुरासणी असा फेर धरायचा आणि नंतर जमीन पड ठेवायची, हे आजोबा पाळत होते. वरचा तुकडा ते गेल्यापासून पडच आहे, म्हणजे नाचणीला तयार आहे.

येताना चांगले गमबूट, दोन टॉर्च, मच्छरदाणी आणि तुझ्या सगळ्या औषधांचा तीन महिन्यांचा साठा आण. कोयता शहरातून विकत घेऊ नकोस, तो इथल्या लोहाराकडून तुझ्या हाताच्या मापाचा करून घेऊ. राजूरपर्यंत एसटीनं ये आणि तिथून फोन कर, मी जीप पाठवते.

तुझी,
बाई