एमबीबीएसनंतर आरोग्य धोरणात काम करायचं तर रुग्ण सोडावे लागतात का?

नाही, निदान डॉ. अभय आणि राणी बंग यांनी तरी सोडले नाहीत. दोघंही एमडी. जॉन्स हॉपकिन्समधून सार्वजनिक आरोग्य शिकून आले आणि १९८६ला गडचिरोलीत 'सर्च' ही संस्था सुरू केली. खरी गंमत पुढे आहे. गावातल्याच बायकांना त्यांनी नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवलं, अगदी जंतुसंसर्गावर इंजेक्शन द्यायलाही. (डॉक्टरमंडळी बिचकणारच!) तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने ३९ गावांत नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला. हे १९९९मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. २०११पासून आशा ताईंच्या गृहभेटींतून तीच कल्पना देशभर गेली. म्हणून माझं मत, एमपीएच (सार्वजनिक आरोग्यातली पदव्युत्तर पदवी) जरूर करा, पण आधी दोन-तीन वर्षं प्राथमिक आरोग्य केंद्रात काढा.