नागरी हक्कांचं टेबल नव्याने मिळालंय?
अमेरिकेतल्या प्रादेशिक परिवहन संस्थेत हे काम मिळालं असेल, तर आधी तक्रारींची नोंदवही उघडा. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याचं टायटल सिक्स (सहावा भाग) वंश, वर्ण आणि मूळ देश यांवरून होणाऱ्या भेदभावावरच बोलतं; अपंगत्वाची तक्रार एडीए, म्हणजे अपंगांच्या हक्कांच्या अमेरिकी कायद्याखाली जाते. दोन्ही एकाच फायलीत कोंबू नका. प्रत्येक नोंदीपुढे तारीख, आरोपाचा आधार, सद्यस्थिती हवीच. संघीय निधी पुढे ज्यांना दिला, त्यांच्याकडेही हेच तपासा.

आणि जनसुनावणीच्या सूचनांचं भाषांतर कृपा करून शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका! बसमार्ग बंद करण्याची सूचना फक्त इंग्रजीत लागली, तर रोज त्याच बसने कामाला जाणारी स्पॅनिशभाषक बाई सुनावणीला येणार कशी? दुभाषा मिळेल, हे सूचनेवरच तिच्या भाषेत छापा.