धावपटूच्या मांडीचे दुखणे आणि ऑस्टिओपॅथी

प्रश्न : मी खानापूर तालुक्यात धावण्याचे प्रशिक्षण देतो. चारशे मीटर धावणाऱ्या माझ्या एका मुलीच्या मांडीचा मागचा स्नायू दर हंगामात दुखावतो. काही प्रशिक्षक ऑस्टिओपॅथीचे, म्हणजे हातांनी सांधे-स्नायू हाताळून केले जाणारे, उपचार सुचवतात. आपले मत काय?

उत्तर : ही पद्धत अँड्र्यू टेलर स्टिल यांनी १८७४ मध्ये अमेरिकेत मांडली. तिथे ऑस्टिओपॅथीची पदवी घेतलेले लोक पूर्ण वैद्यकीय डॉक्टर असतात, तर युरोपात ते मुख्यतः हातांनी सांधे-स्नायू मोकळे करणारे उपचारक असतात. हा फरक आधी समजून घ्यावा. प्रशिक्षकांना या उपचाराचा ओढा का वाटतो, हे मी जाणतो : मुलगी उपचाराच्या टेबलावरून उठते, कमरेत वाकते आणि काल नडगीपाशी अडकणारी बोटे आज घोट्यापर्यंत पोहोचतात. परंतु हा मोकळेपणा बहुधा थोडाच वेळ टिकतो, आणि त्याच्या भरवशावर तिला दुसऱ्याच दिवशी पूर्ण वेगाने पळवले, तर स्नायू पुन्हा फाटू शकतो. खरा आधार ताकदीच्या व्यायामाचा आहे : गुडघ्यांवर उभे राहून, जोडीदाराने घोटे घट्ट धरलेले असताना, पाठ सरळ ठेवून अगदी सावकाश पुढे झुकायचे. हा व्यायाम हंगामातही सोडू नये. हातांचे उपचार सोबत चालतील, त्याऐवजी नव्हे. मात्र नडगीवर एकाच जागी बोट टेकताच कळ आली, तर हाडाला बारीक तडा असू शकतो. तेव्हा चोळणे-दाबणे थांबवून तिला बेळगावला अस्थिरोगतज्ज्ञांकडे न्यावे.