हुबेहूब उतरलेले व्यक्तिचित्र त्या पात्राचे का वाटत नाही?

तुम्ही विचारले आहे की, गेल्या दोन महिन्यांत चित्रपटांतील सहा पात्रांची व्यक्तिचित्रे पेन्सिलने काढली, पाहणारा प्रत्येक जण ‘अगदी फोटोच’ म्हणतो आणि पुढे जातो, तर नेमके काय चुकते आणि ही चित्रे अनोळखी लोकांसमोर मांडावीत का. ‘अगदी फोटोच’ हे दोन शब्द मीही बारा वर्षांपूर्वी ऐकले होते आणि ते अजून माझ्या डोक्यातून गेलेले नाहीत. त्यामुळे हे उत्तर थोडे लांबेल.

तेव्हा आम्ही पाच-सहा बोधचित्रकार एकाच खोलीत काम करत असू. महिन्याच्या शेवटी प्रत्येकाने आपले ताजे काम भिंतीवर लावायचे आणि बाकीच्यांनी त्यावर बोलायचे, असा आमचा नियम होता. त्या महिन्यात मी १९७२ सालच्या ‘द गॉडफादर’मधील व्हिटो कॉर्लिओनीचे, म्हणजे मार्लन ब्रँडोने साकारलेल्या डॉनचे, व्यक्तिचित्र लावले होते. एक स्वच्छ, मोठे छायाचित्र मिळवून त्यावर चौकटी आखल्या, तशाच चौकटी कागदावर आखल्या आणि एकोणीस संध्याकाळी केवळ त्या चेहऱ्यावर घालवल्या. प्रमाणात खोट राहू नये म्हणून छायाचित्र आणि कागद दोन्ही उलटे धरून पुन्हा तपासले. केसांची एकेक बट, कपाळावरची एकेक सुरकुती, मळीव खोडरबराने उचललेला गालावरचा प्रकाश, सगळे जागच्या जागी होते. दोन्ही डोळ्यांत मी एकेक पांढरा ठिपका राखला होता आणि त्या ठिपक्यांचा मला विशेष अभिमान होता, कारण व्यक्तिचित्रणाच्या प्रत्येक पुस्तकात लिहिलेले असते की चेहऱ्यात जीव येतो तो त्या ठिपक्याने.

आमच्यातील एक ज्येष्ठ सहकारी चित्रासमोर बराच वेळ उभे राहिले. “अगदी फोटोच आहे,” ते म्हणाले. मी आभार मानणार तोच त्यांनी पुढे विचारले, “ब्रँडो उत्तम जमला आहे, पण डॉन कुठे आहे?” एवढ्यावर थांबले असते तर मी आज त्यांचे नाव आदराने घेतले असते. ते थांबले नाहीत. कॅमेऱ्याने एकदा केलेले काम पेन्सिलने पुन्हा करण्याला आपण चित्र मानत नाही, चित्रपटातील पात्रे काढणे म्हणजे दुसऱ्याच्या मेहनतीची नक्कल आहे, असेही त्यांनी सर्वांसमोर सांगितले. त्यांची पहिली शंका शंभर टक्के बरोबर होती आणि दुसरे विधान तितकेच चुकीचे होते. दोन्ही एका दमात ऐकावी लागल्यामुळे मला पहिलीचे सत्य मान्य करायला काही आठवडे लागले.

अखेर मी तो चित्रपट पुन्हा पाहिला, या वेळी जागोजागी थांबवून. छायालेखक गॉर्डन विलिस यांनी ब्रँडोवर मुख्य प्रकाश डोक्यावरून टाकला आहे. त्यामुळे भुवयांच्या खालचा भाग सावलीत जातो आणि अनेक ठिकाणी डॉनचे डोळे दिसतच नाहीत. समोरचा माणूस गयावया करत असतो आणि त्याला, म्हणजे आपल्यालाही, डॉनच्या मनात काय चालले आहे ते कळत नाही. त्या पात्राचा सगळा दरारा त्या न दिसणाऱ्या डोळ्यांत आहे, आणि मी नेमक्या तिथेच दोन चकचकीत ठिपके ठेवले होते! माझ्याजवळचे छायाचित्र प्रसिद्धीसाठी स्वतंत्र प्रकाशात काढलेले असणार, हे तेव्हा माझ्या ध्यानात आले. दुसरी चूक जबड्याची होती. चित्रीकरणाच्या वेळी ब्रँडो सत्तेचाळीस वर्षांचा होता. डिक स्मिथ यांच्या रंगभूषेने त्याला म्हातारे केले आणि खालचे गाल फुगून लोंबावेत म्हणून तोंडात दातांना बसणारे एक साधन ठेवले. त्या साधनामुळे त्याचे बोलणे, ओठांची हालचाल आणि मान वळवण्याची संथ गती एकमेकांशी जोडली गेली. मी गालाचा फुगीरपणा मिलिमीटरपर्यंत अचूक काढला होता, पण तो चरबी असल्यासारखा काढला होता. आतून काहीतरी दाबते आहे, हे माझ्या रेषेला माहीतच नव्हते.

तेव्हा तुमचे काय चुकते, याचे माझे उत्तर असे की तुम्ही नटाचे छायाचित्र पाहून चित्र काढता आहात. पात्र त्या छायाचित्रात नसते. चित्रपट पाहा, आणि थांबवलेल्या दृश्यावरही फार विसंबू नका. पडद्यावर सेकंदाला २४ चौकटी, म्हणजे सुटी स्थिर चित्रे, सरकतात आणि सर्वसाधारण चित्रीकरणात प्रत्येक चौकट सुमारे एक अठ्ठेचाळीसांश सेकंद प्रकाश घेते. म्हणून थांबवलेल्या चौकटीत हात पुसट असतो, पापणी अर्धवट मिटलेली असते आणि ओठ कोणत्या तरी अक्षराच्या मध्येच अडकलेले असतात. पाहताना तो चेहरा जसा वाटला तसा तो बहुधा एकाही चौकटीत सापडत नाही. माझी पद्धत अशी आहे की एक प्रसंग तीन-चार वेळा पाहायचा, पडदा बंद करायचा आणि तळहाताएवढी दहा-बारा कच्ची रेखाटने केवळ आठवणीतून काढायची. आठवणीत जे उरते तेच पात्र असते. छायाचित्रे त्यानंतर उघडावीत, तीही कान किंवा केसांची रेघ अशा किरकोळ गोष्टी तपासण्यापुरती.

चेहऱ्यावर इतके अडूनही बसू नये. चार्ली चॅप्लिनचा भटक्या १९१४ साली पडद्यावर आला, आणि टोपी, तोकडा कोट, ढगळ विजार, काठी व बाहेर वळलेले बूट एवढ्यावर तो पाठमोराही ओळखता येतो. १९७७ सालच्या ‘स्टार वॉर्स’मधील डार्थ व्हेडरला तर चेहराच दिलेला नाही. अंग डेव्हिड प्राउसचे, आवाज जेम्स अर्ल जोन्सचा आणि वर काळा मुखवटा. असे असूनही व्हेडरची चांगली आणि वाईट अशी दोन्ही प्रकारची व्यक्तिचित्रे असू शकतात. हुबेहूबपणा हीच एकमेव कसोटी असती, तर मुखवटा नीट उतरवणाऱ्या सगळ्यांची चित्रे सारखीच भिडली असती.

आता त्या दुसऱ्या विधानाबद्दल, कारण तुम्हालाही कोणीतरी ते ऐकवणारच आहे. कॅमेऱ्याने काम आधीच केलेले आहे, हे म्हणणे चित्रपट कसा घडतो याच्या अज्ञानातून येते. १९२० च्या आसपास रशियन दिग्दर्शक लेव्ह कुलेशोव्ह यांनी इव्हान मोझुखिन या नटाचा एकच निर्विकार चेहरा कधी सुपाच्या वाडग्याला, कधी शवपेटीतील मुलाला, तर कधी पहुडलेल्या स्त्रीला जोडून दाखवला, आणि पाहणाऱ्यांना त्याच चेहऱ्यावर अनुक्रमे भूक, शोक आणि वासना दिसली, असे सांगतात. पडद्यावरच्या चेहऱ्याचा अर्थ बराचसा शेजारच्या दृश्यांतून येतो. आम्ही तो चेहरा उचलून कागदावर आणतो तेव्हा शेजारची दृश्ये मागेच राहतात, संगीत राहते, आवाज राहतो. त्या सगळ्याची भरपाई रेषेचा दाब, सावलीची कड, मोकळा सोडलेला कागद आणि मानेचा कल यांतून करावी लागते. हे काम कॅमेऱ्याने केलेले नसते, कारण त्याला ते करण्याची गरजच पडलेली नसते. जो चित्रकार ही भरपाई करत नाही तो नक्कल करतो, हे मान्य आहे, आणि माझे पहिले चित्र नक्कलच होते. परंतु एका फसलेल्या चित्रावरून सगळ्या प्रकाराला नक्कल ठरवणे हा आळस आहे. आपल्याकडे चित्राची सहा अंगे सांगितली आहेत: रूपभेद, प्रमाण, भाव, लावण्ययोजन, सादृश्य आणि वर्णिकाभंग. त्यात सादृश्य, म्हणजे हुबेहूबपणा, पाचवे आहे आणि भाव तिसरा. हा क्रम महत्त्वाचा मानावा असे कोठे म्हटलेले नाही, हे मला ठाऊक आहे, तरीही वाद घालताना तो मला फार उपयोगी पडतो.

मी ते चित्र पुन्हा काढले, कोळशाने, चार संध्याकाळींत. डोळ्यांच्या जागी दोन काळे खळगे, एक कान जेमतेम सुचवलेला, हनुवटीखालची मान कागदातच विरलेली. प्रमाणाचे म्हणाल तर नाक किंचित मोठे झाले आहे. तोपर्यंत ते सहकारी दुसरीकडे गेले होते, त्यामुळे त्यांना ते दाखवता आले नाही, आणि वर लिहिलेला युक्तिवादही त्यांना कधी ऐकवता आला नाही.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. तुम्ही शिकण्याच्या अगदी सुरुवातीला असाल तर छायाचित्रावरून चौकटी आखून काढणे सोडू नका, प्रमाणाची शिस्त त्यानेच येते. कोणी पैसे देऊन आवडत्या नटाचे चित्र काढून मागितले असेल तर त्याला बहुधा हुबेहूबच हवे असते, आणि तिथे माझा सल्ला लागू करू नका. छायाचित्राइतके तंतोतंत चित्र हेच ज्यांचे ध्येय आहे त्यांच्या कौशल्याला मी कमी लेखत नाही, माझा स्वभाव तेवढा धीराचा नाही. पात्रांचे आणि छायाचित्रांचे हक्क दुसऱ्यांचे असतात, म्हणून सरावासाठी काढणे वेगळे आणि प्रती छापून विकणे वेगळे, हे ध्यानात ठेवा आणि विक्रीचा विचार असेल तर जाणकाराला विचारा.

चित्रे मांडावीत का, या प्रश्नाला माझे उत्तर ‘हो’ आहे, पण सहाही एकदम मांडू नका आणि खाली पात्राचे नाव लिहू नका. ‘हा कोण’ असे विचारून लोक नटाचे नाव सांगतात की पात्राचे, तेवढे ऐका. शिवाय सहापैकी दोन चित्रांत पात्र थेट समोर पाहून हसते आहे, असे तुम्ही लिहिले आहे. एखादा अपवाद सोडला तर चित्रपटात पात्र कॅमेऱ्याकडे पाहत नाही, प्रसिद्धीच्या छायाचित्रात नट पाहतो. मी तुमच्या जागी असते तर त्या दोघांची नजर आधी बाजूला वळवली असती.